शेवटच्या सायकलची घंटा

आमचा दादा जंगलात कायम सगळ्यांच्या शेवटी. एरवी तो कुणाच्या मागे राहणाऱ्यातला नाही. दुकानात, रस्त्यावर, जेवायच्या टेबलावर त्याचा नंबर पहिला. पण झाडं सुरू झाली की हा पाय टेकून उभा राहणार, सगळ्यांना पुढे सोडणार आणि मग आरामात पेडल मारणार. आमच्या सायकलवाल्यांच्या टोळक्यानं त्याचं नाव 'शेपूट' ठेवलंय. वर त्याला त्याचा अभिमान.

टोळक्याची पद्धत अशी. पुढे पोस्टमन, कारण वाटा त्याला पाठ. जिथे वाट फुटते तिथे त्याच्या मागचा जो कोणी असेल त्यानं थांबायचं, येणाऱ्यांना हातानं दिशा दाखवायची, आणि दादा येऊन घंटा वाजवत नाही तोवर जागा सोडायची नाही. घंटा वाजली म्हणजे आले सगळे. मग डोकी मोजायच्या भानगडीत कोणी पडत नाही. शेपटाच्या मागे कोण उरणार?

दादा शिवणयंत्रं दुरुस्त करतो. घराच्या पुढच्या खोलीत मी कपडे शिवते, मागच्या खोलीत त्याचं टेबल, तेलाच्या बाटल्या आणि उघडी पडलेली यंत्रं. मधलं दार आम्ही कधी लावत नाही. पूर्वी तो तिकडूनच ओरडायचा, "अगं, सुई बदल, बोथट झालीय." माझ्या यंत्रातल्या सुईबद्दल यानं भिंतीआडून, नुसत्या आवाजावरून सांगावं याचा मला संताप यायचा, आणि सुई काढून बघितली की तो आणखी वाढायचा.

हल्ली तो ओरडत नाही. यंत्र सुरू करतो, त्याच्या पाठीवर तळहात ठेवतो आणि डोळे मिटून घेतो, आजारी माणसाचा ताप बघावा तसा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी शिवण तशीच टाकून उठले. विचारलं तर म्हणाला, "जुनं यंत्र आहे, जरा बघून घ्यावं लागतं." विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

त्या दिवशी धुकं होतं. जाड नव्हे, विरळ, झाडांच्या मधून सावकाश फिरणारं. पुढे गेलेली माणसं एकेक करून पुसट होत होती. आधी चाकं जायची, मग पाठ, शेवटी कोणाचं तरी लाल हेल्मेट तेवढं तरंगत राहायचं. खाली पानांचा ओला थर, त्यामुळे टायरचा आवाजही मऊ. मी सायकल चालवतेय असं वाटतच नव्हतं, वाटच खालून सरकत होती. त्या गुंगीत मी उतारावरचं मूळ पाहिलं नाही.

पुढचं चाक घसरलं आणि मी सायकलसकट वाटेखालच्या नेच्यांत गेले. लागलं फारसं नाही, पण एक पाय सायकलीखाली अडकला आणि डोक्यावर हिरवी पानं मिटली. दादा नेहमीसारखा बराच मागे होता. म्हटलं, येईल आता.

तो आला. पानांच्या फटीतून मला तो नीट दिसला, अगदी चार हातांवर. मी हाक मारली, "दादा! अरे, मी इथे खाली!" त्याच्या भुवयांवर धुक्याचे थेंब होते आणि चेहऱ्यावर हलकंसं हसू, झोपेत असतं तसं. इतका खूश मी त्याला वहिनी गेल्यापासून पाहिला नव्हता. मी पुन्हा ओरडले, घसा फाटेपर्यंत ओरडले. तो सावकाश वळणाआड गेला.

आधी मी त्याला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या दिल्या. मग त्याचा तो यंत्रावरचा तळहात आठवला, आणि शिव्या आपोआप थांबल्या.

थोड्या वेळानं खालून, वाट फुटते तिथून, घंटा वाजली. एकदाच, स्वच्छ. आले सगळे. जंगलात उताणी पडून मी माझ्याच पोचल्याची घंटा ऐकली.

मला घाई वाटेना. वर धुकं फांद्यांतून जात होतं, मध्येच पिवळसर उजेड झिरपत होता, कुठेतरी एक पक्षी एकच सूर धरून बसला होता. मी विचार करत होते. खरं सांगितलं तर दादाची जागा जाणार. जायलाच हवी, उद्या इथे कोणाचं हाड मोडलेलं असेल. पण वहिनी गेली तेव्हा महिनोन् महिने अंथरूण न सोडणाऱ्या या माणसाला उठवलं कोणी? मी नाही. या शेवटच्या सायकलीनं. माझा भाऊ मला फार प्रिय आहे, त्याला मी हे कधी सांगितलेलं नाही. पाय सोडवून उठले तोवर मी ठरवलं होतं, थाप मारायची.

चिखलातल्या चाकांच्या खुणा धरत मी तळ्यापाशी पोचले. सगळे डबे उघडून बसले होते. दादा उकडलेलं अंडं सोलत होता. मला बघून त्याचा हात थांबला.

"अगं, होतीस कुठे तू?" बेकरीवाली म्हणाली. "शेपूट तर कधीच आलं."

"चेन पडली होती. मीच बाजूला झाले. हाकबीक काही मारली नाही."

आवाज असा निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही. बेकरीवाली माझ्याकडे बघतच राहिली. "मग घसा कशानं बसलाय एवढा?"

माझा हात गळ्याकडे गेला. बसलेला घसा तिथल्या प्रत्येकाला ऐकू आला होता, दादा सोडून. पण त्यानं तो हात पाहिला. मग माझ्या केसांत अडकलेलं पान पाहिलं. अंडं डब्याच्या झाकणावर ठेवून दिलं.

"मी किती जवळून गेलो तुझ्या?"

"अगदी जवळून," मी म्हणाले. त्याच्या डोळ्यांत बघून मला दुसरं काही बोलता येईना.

तो सगळ्यांकडे वळला. "मला ऐकू येत नाही. उजव्या कानानं नाहीच, डाव्यानं अगदी थोडं." मग म्हणाला, "सुरुवातीला मला वाटायचं, जंगलच गप्प झालंय. बरं वाटायचं."

पोस्टमननं थर्मासमधला चहा ओतला आणि पहिला कप त्याच्या हातात दिला. चहा संपल्यावर दादानं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, स्वतःच्या हँडलवरची घंटा सोडवली आणि माझ्या हँडलवर बसवायला घेतली. मी नको नको म्हणत होते. त्यानं मान वर केली नाही. ऐकायचं नसलं की बहिरेपणा फार सोयीचा पडतो माणसाला.

परतीच्या वाटेवर तो पोस्टमनच्या मागे निघाला आणि मी शेवटी राहिले. शेवटी राहणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पुढे सगळी आपली माणसं, मागे नुसतं धुकं, आणि मधल्या त्या शांततेत आपण तरंगत चाललोय. एवढं सुख तो इतकी वर्षं एकटाच खात होता.

पहिल्याच फाट्यावर दादा उभा होता, एक पाय टेकून, हातानं डावीकडची वाट दाखवत. मी जवळ जाऊन घंटा वाजवली. तो हलला नाही. पुन्हा वाजवली, जोरात. तो माझ्याकडे बघत होता, माझ्या मागे कोणी नाही हे त्याला दिसत होतं, तरी जागा सोडत नव्हता. घंटेशिवाय जागा सोडायची नाही, हा नियम त्याचाच होता.

मग त्यानं हात लांब करून माझ्या हँडलवर, घंटेला लागून, तळहात ठेवला आणि डोळे मिटले. मी घंटा वाजवली.

"आले सगळे," तो म्हणाला, आणि माझ्या पुढे निघाला.