पोटरीचं माप

टेलरबाईचं दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. दोन शिलाई मशिनी, कापायचं लांब टेबल आणि दोरीवर टांगलेले गणवेश. तीन शाळांचे कपडे इथे शिवले जातात. दर वर्षी तीनशेच्या वर मुलगे तिच्या टेपखालून जातात आणि प्रत्येकाची ती पोटरी मोजते. हाफ पँटला पोटरीचं माप लागत नाही, हे तुम्हाआम्हाला कळतं तसं तिलाही कळतं. माप झालं की म्हणते, "मांडी घालून खाली बस बरं. आता ऊठ. हात टेकायचे नाहीत."

लोक तिला अर्धवट म्हणतात. मी तिची जुनी शेजारीण; ते ऐकून माझं डोकं फिरतं, म्हणून एकदाच सांगून टाकते.

तिचा मुलगा तीन-चार वर्षांचा असताना त्याच्या पोटऱ्या गोल आणि टणक होत्या. शिंपिणीचं पोर, दर सहा महिन्यांनी माप वहीत. पोटरी वाढतेच आहे. ही आल्यागेल्याला टेप लावून दाखवायची. पोराचं नाव पडलं पैलवान. पैलवान चवड्यांवर चालायचा, जिन्यात मागे राहायचा, सारखा पडायचा. "आळशी मेला, बापावर गेलाय," ही म्हणायची. नवरा म्हणायचा, "बरोबर आहे, वाईट तेवढं माझ्याकडून!" खालून उठताना तो आधी गुडघे धरायचा, मग मांड्या, स्वतःच्याच अंगावर चढत असल्यासारखा. त्याची नक्कल व्हायची घरात. मीही हसले आहे, खोटं कशाला बोलू?

सातव्या वर्षी त्याला जिना चढवेना, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पोटरी दाबून विचारलं, "ही कधीपासून अशी?" हिनं मोठ्या हौसेनं मापांची वही पुढे केली. त्यांनी पानं उलटली आणि वही हळूच मिटून परत दिली.

डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. फार थोड्या मुलांना होतो हा आजार. स्नायू झिजत जातात आणि पोटरीत त्यांच्या जागी चरबी भरते. ज्याला ही जोर समजत होती, ती झीज होती. दोष बहुतेक वेळा आईकडून येतो आणि भोगतात मुलगे. डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या माहेरी असं कुणी होतं?" हिनं आईला विचारलं. आई म्हणाली, "छे! आमच्याकडे सगळे धडधाकट."

दहाव्या वर्षी पैलवान चाकांच्या खुर्चीत बसला. एकोणिसाव्या वर्षी श्वास पुरेना. गेला. त्यापुढे मला लिहायचं नाही.

दीड महिन्यानं हिनं दुकान उघडलं आणि पोटऱ्या मोजायला लागली. एक मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, तुम्ही कपडे शिवा. डॉक्टरकी कशाला?" ही म्हणाली, "सर, तुमच्या शाळेत प्रत्येक पोराच्या अंगाला हात लावणारी मी एकटीच आहे." पालकांच्या सभेत पाच मिनिटं मागून घेतली. उभी राहिली आणि बोलली: मूल मांड्या धरत उठत असेल तर हसू नका, रक्त तपासून घ्या, लवकर कळलं तर औषधानं चालण्याची काही वर्षं वाढतात. चार वर्षांत एक मुलगा सापडला. त्याच्या आईनं आधी हिला शिव्या घातल्या, मग तपासणी करून घेतली.

बोलणं बंद झालं ते सख्ख्या बहिणीचं. धाकटी हिच्याहून बारा वर्षांनी लहान. तिला एक मुलगी, आणि तिच्या पाठचा चार वर्षांचा मुलगा.

"गावभर सांगत सुटलीयेस, आमच्या रक्तात खोट आहे म्हणून! उद्या माझ्या पोरीला कोण विचारणार?"

"पोरीचं नंतर बघू गं. पोराला एकदा आण."

"नाही आणत. तुझ्या टेपखाली माझा मुलगा येणार नाही."

वर्षभर आला नाही. हिचा जीव त्या एका पोरात अडकलेला. मग म्हातारी आई घसरून पडली, पाय प्लास्टरमध्ये गेला आणि दोघी एकाच वेळी तिच्या खोलीत येऊन ठेपल्या. मी औषधं घेऊन गेले होते. पोराची मोटार पलंगाखाली गेली. ते आडवं होऊन आत शिरलं, मोटार काढली आणि उठायला लागलं. एक हात गुडघ्यावर. मग दुसरा. मग मांडीवर.

टेलरबाई बघत होती. धाकटी तिच्याकडे बघत होती.

"खेळतोय तो," धाकटी म्हणाली. "ताई, तू एक अक्षर बोलू नकोस."

बोलली ती पलंगावरची आई.

"माझा भाऊ असाच उठायचा."

"कुठला भाऊ?" दोघी एकदम.

"होता एक. सतराव्या वर्षी गेला. आमच्यात त्याचं नाव काढायचं नाही असं ठरलेलं. मुलींची लग्नं व्हायची होती ना." आणि मग धाकटीला म्हणाली, "मोठी खरं सांगतेय. ने त्याला."

टेलरबाई भिंतीला टेकली. "मी तुला विचारलं होतं, आई. पैलवानाच्या वेळी विचारलं होतं."

त्या म्हातारीला तरी काय म्हणणार? आणि न म्हणून तरी कसं चालेल?

धाकटीनं पोराला नेलं. तेच निघालं. औषध सुरू झालंय, व्यायाम सुरू झालाय. तो बरा होणार नाही, हे धाकटीला माहीत आहे. ती रोज दुकानात येऊन बसते, काजं करते, रडते आणि परत काजं करते. टेलरबाई तिला रडू देते. आईशी मात्र कामापुरतंच बोलते.

परवा आईनं आपणहून तिच्या मयत बहिणीच्या दोन मुलींचा विषय काढला: दूर राहतात, त्यातल्या लहानीला दिवस गेलेत. त्यांनाही हे ठाऊक नाही.

"पाय सुटला की मी येते तुझ्याबरोबर," आई म्हणाली.

"ये," टेलरबाई म्हणाली. "पण तिथे मी बोलणार नाही. तू बोलायचं."

म्हातारीनं प्लास्टर कधी काढणार ते विचारलं.