मास्तरांचा बंधारा

नदी कुणासाठी थांबत नाही, असं विनायक मास्तरांच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी एकामागून एक सांगितलं. आमची नदी अठरा वर्षं थांबली होती, आणि तिला थांबवणाऱ्यांत मास्तर सगळ्यांत पुढे होते. पण शोकसभेत असल्या दुरुस्त्या करायच्या नसतात...

मला नगरला बातमी दिली ती गावच्या एस.टी.च्या ड्रायव्हरने. "मास्तर गेले. रोज पावसात नदीवर बसत हुते. छातीत कफ झाला." ते तिथे कशाची वाट बघत होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला होतं.

माझी नगरला बदली होईपर्यंत आम्ही गावच्या एकाच शाळेत होतो; ते विज्ञान शिकवत, मी मराठी. बंधाऱ्यासाठी त्यांनी सगळ्या गावाकडून श्रमदान करून घेतलं, स्वतः दगड वाहिले. उद्घाटनाला मंत्री आले. कोनशिलेवर मंत्र्यांचं नाव ठसठशीत, मास्तरांचं तळाला. पुढच्या मृगात भिंतीच्या पायथ्याशी माशांचा खच पडला. लोकांनी पाट्या भरभरून नेले आणि मास्तरांनी शाळेच्या फळ्यावर लिहिलं : बंधाऱ्यामुळे नदीत मासे वाढले. किसन भोयाचं घर मासेमारीवर चालायचं. त्याला वाचता येत नव्हतं. फळा मीच वाचून दाखवला.

"वाढलं न्हाईत मास्तर, अडल्यात," तो विनायक मास्तरांना म्हणाला. "अंडी घालाया वर चढत हुते. तुमी मधी भित घातली."

मास्तर हसले. मीही हसलो, हे सांगितलं पाहिजे.

तिसऱ्या पावसाळ्यात चढणीचे मासे आलेच नाहीत. वर गाळ साचत गेला, खाली वाळू येईना, पात्रात नुसता कातळ उघडा पडला. किसनने जाळं माळ्यावर टाकलं आणि पुढे नगरजवळ नागापूरला कारखान्यात लागला. तो गेला त्या दिवसापासून मास्तर रोज सकाळी नदीवर जाऊ लागले. एकदा मला म्हणाले, "अहो, ही वाळू आपली नाहीच. गोदावरीच्या मुखाशी एखादा कोळी हिची वाट बघत असेल." मी म्हटलं, "मग त्याला पत्र घाला." ते हसले नाहीत. बंधारा काढा म्हणून त्यांनी कचेरीत किती अर्ज केले, कोण जाणे. उत्तर एकाच अर्जाला आलं : बंधारा सुस्थितीत आहे.

बहात्तरच्या दुष्काळात बंधाऱ्यात पाण्याचा थेंब नव्हता, नुसता गाळ होता. गावात खडी फोडायचं काम निघालं आणि जवळपासचा दगड संपला. मास्तर मुकादमाला घेऊन बंधाऱ्यावर गेले, पहिला घण त्यांनी स्वतः घातला. गावातलं एवढं एकच सरकारी काम नारळाशिवाय सुरू झालं. कोनशिलेकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आधी ही फोडा." मुकादमाने हात जोडले. "सायबाचं नाव हाय मास्तर, माजी नोकरी जाईल." ती तेवढी राहिली.

यंदा पाऊस झाला. साचलेला गाळ आधी गढूळ लोंढ्यासारखा वाहून गेला. खालच्या गावाने शिव्या दिल्या. मग कातळावर हळूहळू वाळू बसली. मास्तर छत्री घेऊन काठावर बसत. मी सुट्टीत गेलो तेव्हा विचारलं, "आले का?" म्हणाले, "वाट विसरले असतील. इतक्या वर्षांनी पाहुणासुद्धा विसरतो." भिजू नका, एवढं तरी मी त्यांना म्हणायला हवं होतं... म्हटलं नाही.

दहाव्याला नदीवर जमलो. किसन नागापूरहून आला होता. भटजी कावळ्याला बोलावत होते. किसन पाय धुवायला पाण्यात उतरला आणि तिथेच थबकला. "मास्तर," तो ओरडला. सवयीने. बंधाऱ्याच्या उरलेल्या पायावरून चंदेरी पाठी उसळत वर चालल्या होत्या, त्याच्या पोटऱ्यांना घासून. त्याने हात घातला नाही. पंचा तोंडावर धरून तो उभाच राहिला. दहा दिवस, नुसते दहा दिवस मास्तर थांबायला हवे होते.

संध्याकाळच्या गाडीने किसन परत गेला. सकाळची पाळी होती. मी मागे राहिलो आणि मास्तर बसत त्या जागी जाऊन बसलो. शेजारी ती कोनशिला पडली आहे. तिच्यावर बायका धुणं धुतात. नावांची बाजू वर ठेवली आहे. अक्षरं खोल कोरलेली असल्याने मळ चांगला निघतो.