यशवंतने बनवलेला बोर्ड

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. परवा जुन्या कॉम्प्युटरचा इतिहास जमवणारी एक मुलगी जळगावला घरी आली. आमच्या बंद पडलेल्या कारखान्यातला कॉम्प्युटरचा सर्किट बोर्ड तिने माझ्या हातात ठेवला. त्याला अजून डाग देताना वापरायच्या राळेचा वास होता.

"आबा, हा कोणी बनवला?"

हिला आधीच काही कळलंय की काय, अशी मला शंका आली. आमच्या माहितीपत्रकावर बनवणारा म्हणून माझं नाव आहे, पण बोर्ड आमच्याकडे कामाला असलेल्या रावेरच्या यशवंतने बनवला होता.

कारखाना चालू असताना एका मे महिन्यात संध्याकाळी चालणारे बोर्ड रात्रभर चालू ठेवले की सकाळी मेलेले सापडत. यशवंत पुण्याच्या कुणा प्रतिस्पर्धी कंपनीला फितूर झालाय, असं मला वाटू लागलं. मी त्याच्या मागे उभा राहून त्याचे हात बघत असे. एका दुपारी, तो चिप लपवून नेतो की काय म्हणून, सगळ्यांसमोर मी त्याला जेवणाचा डबा उघडायला लावला. आत कळण्याची भाकरी आणि ठेचा होता.

"भाऊ, मी चिप खातो असं वाटलं का?" तो म्हणाला. कुणीच हसलं नाही. तो जेवला नाही आणि दुसऱ्या दिवसापासून आलाही नाही.

आठवड्याने वायरमनने अर्थिंगचा खड्डा उघडला. आत ठणठणीत कोरडं होतं; तिथे ओल नसली की जादा वीज जमिनीत उतरत नाही आणि बोर्ड जाळते.

"याले पानी कोन टाकस?" त्याने विचारलं.

उन्हाळ्यात तिथे रोज पाणी टाकायचं काम माझं होतं.

पुढे एकदा मी रावेरला गेलो. यशवंतने चहा दिला. मी केळीच्या बागेची चौकशी केली आणि उठलो. आता तो नाही. "यशवंत, चूक माझी होती," एवढंच म्हणायचं होतं.