झाकणावरची खुर्ची

सरवदेकाकांना नवं यंत्र दाखवलं की कौतुक बाजूलाच, ते आधी विचारत, "ह्यात हालतंय काय?" मग ती पिठाची गिरणी असो की लग्नात भाड्यानं आणलेलं कारंजं. हालणारं काही सापडलं की बोट दाखवून म्हणत, "हे बिगडणार. मग हितं हात घालायला कुणाला पाठवणार, ते सांगा."

काका नेकनूरच्या बौद्ध वस्तीतले. तीस वर्षं अणुप्रकल्पात तंत्रज्ञ होते, निवृत्त होऊन गावी परतले. वापरलेलं अणुइंधन आम्लात विरघळवलं की जे जहाल पाणी होतं, ते एका टाकीतून दुसरीत चढवायचं त्यांचं काम. तिथं साधा पंप चालत नाही. तो कधीतरी बंद पडणार आणि दुरुस्तीला गेलेल्या माणसाच्या अंगात किरणं शिरणार. "म्हणून नुसती नळी अन् हवा," काका सांगत. "ना चक्र, ना व्हॉल्व्ह. इंजिनेरानं आधी माणूस वजा केला, मग कागदावर पंप काढला." ऊठसूट प्रकल्पाचा दाखला देतात म्हणून आम्ही त्यांची चेष्टा करायचो.

मी नेकनूरच्याच एका वसतिगृहाचा अधीक्षक. एकदा मुलांच्या संडासाची टाकी तुंबली आणि गाळ उपसायच्या पंपात फडकं अडकून तो जळाला. मी काय केलं? सगळे करतात तेच. काकांच्या गल्लीतल्या गौतमला निरोप धाडला. टाक्यांत उतरायचं काम तोच करायचा. दोर आणला, बादली आणली, नाकाला बांधायला माझा रुमाल दिला. अशा टाकीत गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या आणि पान उलटलं होतं.

गौतमच्या कमरेला दोर बांधत होतो तोवर काका आले. माझ्या कचेरीतली खुर्ची उचलून त्यांनी टाकीच्या झाकणावर ठेवली आणि बसले.

"काका, उठा. पोरांचे हाल होतायत."

"उतरवायचंच असंल तर आदी तुमी उतरा, सायेब."

"मी?"

"कावून? तुमाला नाक हाय अन् गौतमला न्हाई?"

लाज वाटायच्या आधी मला रागच आला. गौतमच मधे पडला, "जाऊ द्या काका, माझा बापबी उतरायचा."

"म्हणून तर बसलोय," काका म्हणाले. मी गौतमच्या कमरेचा दोर सोडला तेव्हाच ते उठले.

मग त्यांनी विहिरीत सुरुंगाची भोकं पाडणारा ट्रॅक्टर-कंप्रेसर बोलावला. टाकीत जाड पाइप सोडला आणि बारीक नळीनं त्याच्या तळाशी हवा सोडली. हवेनं हलकी झालेली घाण पाइपातून वर चढली आणि बाहेर खणलेल्या खड्ड्यात पडू लागली. ट्रॅक्टरवाला बघतच राहिला. "आपल्या बोअरला लावतात तेच हाय बे हे," काका त्याला म्हणाले. "पाण्यासाठी सुचतं, माणसासाठी सुचत न्हाई." पातळी खाली गेली की पाइप नुसती हवा ओकायचा. मग वरून पाणी ओतायचं, गाळ पातळ करायचा, परत हवा. अख्खा दिवस गेला. गौतम पाइप धरून उभा होता, पाय कोरड्या जमिनीवर.

गेल्या वर्षी काका गेले. त्यांच्या बुद्धवंदनेला मी आणि गौतम शेजारी बसलो होतो.

यंदा टाकी पुन्हा तुंबली. कंप्रेसर लांब कुठल्याशा विहिरीवर, यायला दोन दिवस. संस्थेचे सचिव गाडीतून उतरले ते चिडूनच. "दोन दिवस कशाला? एक माणूस उतरवा अन् मोकळे व्हा!"

मी कचेरीत गेलो. खुर्ची आणली, झाकणावर मांडली आणि बसलो.

"आधी तुम्ही उतरा, साहेब," मी म्हणालो.