मोठीआईच्या डाळीवरचे ठिपके

आमची मोठीआई, म्हणजे माझी थोरली काकू, चोरालाही माफ करील, पण तिच्या डाळीला नाव ठेवणाऱ्याला नाही. सख्ख्या बहिणीनं त्या डाळीच्या वरणात टमाटर घातलं, तर मोठीआई दोन दिवाळ्या तिच्या घरची पायरी चढली नाही. "माह्या डाळीले टमाटर लागते व्हय?" एवढंच म्हणायची.

आर्णीजवळच्या आमच्या गावात तूर सगळ्यांकडेच पिकते. पण मोठीआई तुरीला तेलाचा हात लावायची, पाणी शिंपडून झाकून ठेवायची, कडक उन्हात वाळवायची आणि मग जात्यावर भरडायची. डाळीवर सालाचे तांबूस ठिपके राहायचे. ते तिनं कधी घासून काढले नाहीत. "ठिपका हाय म्हनून तर चव हाय," ती म्हणायची. वरण शिजायला लागलं की वास रस्त्यापर्यंत जायचा.

पुण्याला नोकरीला गेलेल्या धाकट्या काकांच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, गावातच होता. वरणासाठी मोठीआईनं डाळ निवडून ठेवली होती. काकांनी ती मुठीत घेतली आणि सगळ्या बायांसमोर म्हणाले, "वहिनी, हे ठिपके पाहून पाहुणे काय म्हणतील? घाण दिसते." त्यांनी आर्णीहून चकचकीत पाकिटं आणवली. मोठीआईनं आपली डाळ उचलली आणि घरात नेऊन ठेवली. रडली नाही. मी रडले, रागानं.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. काकांनी स्वतःच्या तोंडानं ती डाळ मागावी.

काका दरवर्षी यायचे. मोठीआई त्यांना मानानं पाटावर बसवायची, वर तुपाची धार धरायची, पण ताटात वरण पाकिटातल्या डाळीचं. शेजारी आम्हाला घरच्या डाळीचं. त्यांनी आमच्या ताटाकडे पाहिलं की ती हसून सांगायची, "भाऊजीले चकचकीत लागते. घान नाही चालत त्याहिले." काका कान लाल करून जेवायचे, पण मागायचे नाहीत. मला ते बघायला फार आवडायचं. अजूनही आठवलं की बरं वाटतं.

शेवटच्या हिवाळ्यात ती खंगली होती, तरी जात्यावर बसली. एक डबाभर डाळ करून माझ्या हवाली केली. "मी गेल्यावर मांगन तो. मांगतली का पोटभर वाढजो. मंग डबा उपडा करून दाखवजो."

मोठीआईच्या तेरवीनंतर काका दोन दिवस राहिले. मी त्यांच्या पुढ्यात पाकिटातल्या डाळीचं वरण ठेवलं. त्यांनी वाटी सरकवली. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गावची बोली मी ऐकली नव्हती.

"बेटा, वैनीची डाळ हाय का थोडी? वाढ मले."

मी सगळी शिजवली. काका भातावर वरण घेत राहिले, डोळे पुसत राहिले. हात धुऊन आले आणि हळूच म्हणाले, "थोडी पुण्याला बांधून देशील?"

मी डबा आणला आणि त्यांच्यासमोर उपडा केला. तळाशी चिकटलेली सालं तेवढी जमिनीवर पडली.

"एवढी घाण उरली आहे, काका," मी म्हणाले. "आता आपल्या घरात जात्यावर बसणारं कोणी नाही."

काकांनी ती सालं बोटानं टिपून रुमालात बांधली. मला त्यांची दया आली नाही. मी डबा धुतला आणि मोठीआईच्या जात्याशेजारी पालथा घातला.