पडवीची जाळी

मुंबईच्या गिरणीत संप झाला आणि मी गावी, कापड्याला, घरी येऊन बसलो. बसलो म्हणायचं ते नावालाच. भाताची झोडणी उरकलेली, हाताला काम नाही; दिवसभर मी घरातून खळ्यात आणि खळ्यातून घरात. आई वैतागून म्हणायची, "एका जागी बस की रे, माझं डोकं गरगरतंय."

धाकटी बहीण त्याच्या महिनाभर आधीच सासर सोडून माघारी आली होती, एका गाठोड्यानिशी. ती पडवीत बसे, आणि पाणवठ्याची वाट नेमकी पडवीला लागून. घागर घेतलेली प्रत्येक बाई थांबायची. "कवा जायाची गो सासरी?" "न्यायला कोन आला नाय?" मला ते ऐकवत नसे. मी उंबऱ्यात येऊन खाकरलो की बाया चालू लागत.

मुंबईत शेठ लोकांच्या गॅलऱ्यांना लाकडी पट्ट्यांची जाळी पाहिली होती. आतल्याला सावली, बाहेरच्याला काही दिसत नाही. डोक्यात तेच बसलं. कोयती घेऊन बांबूच्या बेटाकडे निघालो, तर बाबांनी हटकलं, "अवस येऊ दे. चांदन्यातला बांबू तोडलास तर कीड लागंल." अमावास्या अठरा दिवसांवर. एवढा दम मला कुठला! त्याच दिवशी बांबू तोडला, फोडला, कामट्या काढल्या, सुंभानं आडव्या-उभ्या बांधल्या. बोटं सोलून निघाली. चौथ्या दिवशी पडवीला खालपासून वाशापर्यंत जाळी उभी राहिली आणि मी स्वतःवरच खूश झालो. बहीण जाळीमागे जाऊन बसली. मला वाटलं, तिला बरं वाटत असेल.

बाया थांबायच्या बंद झाल्या. जाळीकडे बघत, आपसात कुजबुजत पुढे जात. बहीण कामट्यांना डोळा लावून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत राही.

एके सकाळी पडवीतून खटखट ऐकू आली. बाहेर आलो, तर ती कोयतीनं कामट्या तोडत होती. बसल्यावर तोंड दिसेल एवढी खिडकी तिनं पाडलीही होती. माझं टाळकंच फिरलं. "हात सोलून घेतले ते यासाठी? त्या बाया परत येऊन विचारतील ना तुला!"

"इचारू दे," ती म्हणाली. "त्या इचारतात तरी, दादा. घरात एकानं तरी इचारलं काय, तिथं काय झालं?"

महिन्याहून जास्त दिवस झाले होते. तिच्या सासरच्यांना मी पोटभर शिव्या दिल्या होत्या. तिला मात्र एक शब्द विचारला नव्हता. लाजेनं मेल्यासारखं झालं. तेव्हा तरी विचारावं, तर तोंड उघडेना. तिच्या हातातली कोयती घेतली आणि तिला लागू नये म्हणून कामट्यांची टोकं तासत बसलो.

तेवढ्यात वाटेवर एक शेजारीण दिसली. मी उठून आत गेलो. शेजारणीनं घागर खाली ठेवली आणि विचारलं. नवऱ्यानं काय केलं, ते बहीण तिला सांगू लागली. मी ते सगळं दाराआड उभा राहून ऐकलं.