देवळात नेलेली खार

रामनवमीच्या दिवशी, जन्माची वेळ होण्यापूर्वी थोडा वेळ, एक खार देवळाच्या मागच्या भिंतीवरून सभामंडपात पडली. पडली, उतरली नाही. मी खांबापाशी बसलो होतो आणि ती माझ्यापासून चार हातांवर होती. तिचा मागचा उजवा पाय मोडून बाजूला लोंबत होता आणि कानामागे रक्त सुकले होते. तोंड उघडे होते.

देवळामागे आमच्या चुलत्यांची आमराई होती. खारी कैऱ्या कुरतडतात म्हणून चुलत्यांनी त्या वर्षी राखण्याला सक्त हुकूम दिला होता की दिसेल ती खार गोफणीने टिपायची. हा राखण्या साठीचा, नेम पक्का. खार पडली तेव्हा तो मंडपाच्या पायरीखाली उभा होता. त्याने पाहिले आणि तो बोलून गेला.

"मालक, सकाळी म्या एक हाणली व्हती. बराबर लागली. तीच दिसून राहिली."

"गप बैस," चुलते म्हणाले. "जन्माच्या टायमाला रामाच्या पायाशी आली ती. आपल्या पायानं आली."

"तीन पायांनं आली, मालक. चवथा मी मोडला."

दोन-चार जण हसले. चुलत्यांनी मागे वळून पाहिले आणि हसू थांबले. रामाने खारीच्या पाठीवरून बोटे फिरवली म्हणून तिला पट्टे आले, ही गोष्ट त्यांनी तिथेच, पाळण्याची दोरी हातात धरून, सगळ्यांना पुन्हा सांगितली. गोफणीचा विषय तेवढ्यावर संपला. देव म्हणून तिला हात जोडणारे तीस-चाळीस लोक होते. रक्ताला हात लावायला मात्र कोणी पुढे होईना. शेवटी बायकांच्या बाजूने माझी बायको उठली, पदराचा शेव पसरला आणि तिला उचलून घरी घेऊन गेली.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मी बावीस वर्षांचा होतो, लग्नाला एक वर्ष झाले होते आणि घर चुलत्यांच्या हुकमाखाली होते. वर्तमानपत्राच्या कचेरीत मी पुढे गेलो. पाहिलेले वेगळे आणि ऐकलेले वेगळे लिहावे, हे तिथे शिकलो. म्हणून सांगतो, पुढचे तीन दिवस मी पाहिले आहेत.

बायकोचे माहेर कनेरगावकडचे. घरी शेळ्या, आणि करडे जगवणे हे तिचे लहानपणापासूनचे काम. तिने खारीच्या मानेवरचे कातडे चिमटीत धरून सोडले. ते तसेच उभे राहिले. "अंगात पाणीच न्हाई हिच्या," ती म्हणाली. "दगडानं न्हाई मरायची, पाण्यावाचून मरंल." मग तिने खारीच्या पोटाला हात लावला. बाहेर चैत्राचे ऊन होते आणि पोट गार होते. तिने आधी ऊब दिली. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून दुरडीत ठेवले आणि दुरडी चुलीच्या भिंतीला टेकवली. पाणी उकळून निववले, त्यात गुळाचा खडा आणि चिमूटभर मीठ. समईची एक कोरी वात त्यात बुडवून तिने ती खारीच्या ओठाच्या कडेला लावली. एक थेंब. तो चाटला जाईपर्यंत दुसरा नाही. "वतलं तर छातीत जाईल," एवढेच स्पष्टीकरण.

चुलती दुधाची वाटी घेऊन आली. "लेकराला दूध पाजतेत, पाणी न्हाई."

"दूध जिरवायलाच अंगात पाणी लागतंय, आत्याबाई. आज नको."

"लई शिकलेली आली!"

वाटी परत गेली. पाय बांधायचा का, असे मी विचारले. ती म्हणाली, कुरतडून टाकील, आणि कुरतडता कुरतडता पायही खाईल. जखम तिने कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने पुसली आणि माशी बसू नये म्हणून दुरडीवर पातळ फडके टाकले. दिवस मावळेपर्यंत तिने जागा सोडली नाही. भाकरी चुलतीने थापल्या आणि प्रत्येक भाकरीबरोबर एक टोमणा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आडावर होतो. बायको कळशी घेऊन आली, इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, "मुतली!" मला कळेना. "अहो, खारोटी. दोनदा मुतली." त्या तोंडावरचा आनंद मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्या दिवशी कातडे चिमटीतून सोडले की जागेवर बसू लागले. तिसऱ्या दिवशी खारीने भिजवलेला भुईमुगाचा दाणा दोन्ही पुढच्या पायांत धरून खाल्ला. पाय मोडलेलाच होता, पण डोळे उघडे आणि काळे होते.

दगड लागल्यापासून ती तहानलेली असेपर्यंत तिच्याकडे कोणी आले नव्हते. ती जगते आहे असे दिसले आणि लोक येऊ लागले. बायका कुंकवाचा करंडा घेऊन येत. पट्ट्यांवर बोट फिरवून तेच बोट पोराच्या कपाळाला लावत. प्रत्येक बोटाला खार दचकून दुरडीच्या तळाशी दबे. बायकोने दुरडी उचलून कणगीवर ठेवली. चुलत्यांना ते कळले तेव्हा ते माजघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि माझ्याकडे पाहत तिला बोलले. सून समोर असली तरी बोलायची पद्धत तशी होती.

"साखरा गावावरून लोकं येऊन राहिले दर्शनाला, आन् तुझी बायको देव लपवून ठेवती?"

 त्या संध्याकाळी ठरले की खार देवळात न्यायची, देवापुढे ठेवायची, आणि पाय बरा झाला की वाजतगाजत आमराईत सोडायची. ज्या आमराईत तिला दगड बसला, त्याच आमराईत.

उत्सवासाठी हिंगोलीच्या एका घरून बाजाची पेटी आणली होती. ती परत करायला चौथ्या दिवशी पहाटे मला बैलगाडीने निघायचे होते. एक दिवस जायला, एक यायला. गाडी जुंपत असताना बायको जवळ आली.

"पेटी पाच दिसांनी न्या."

"काहून?"

"आज-उद्यात मी बाजूला बसन. मग दुरडीला हात लावू देणार न्हाईत मला. तुमी असलात तर तुमी तरी पाणी पाजचाल."

महिन्याचे ते चार दिवस आमच्याकडे बाई गोठ्यात बसे. कांबळे वेगळे, तांब्या वेगळा. तिच्या हातातून कोणी काही घेत नसे. तिला काही द्यायचे तर जमिनीवर ठेवून सरकवत. तिने हे सगळे हिशेबात धरून मला सांगितले होते. मी म्हणालो, काकांनी सांगितले आहे. आणि गाडी हाकली. पेटी पाच दिवस उशिरा गेली असती तर कोणाचेही काही बिघडले नसते. त्या घरी मी पोचलो तेव्हा पेटीची कोणाला आठवणही नव्हती.

यानंतरचा दीड दिवस मी पाहिलेला नाही. बायकोने आणि राखण्याने ते वेगवेगळ्या वेळी सांगितले. दोघांचे सांगणे जुळते.

मी निघाल्यावर घटकाभरात ती गोठ्यात बसली. चुलतीने अंघोळ करून दुरडी उचलली. बायकोने गोठ्यातून सांगितले की पाण्याची वाटी आणि वात चुलीपाशी आहे, घटकेघटकेला चार-पाच थेंब पाजा. चुलती म्हणाली, "देवाला काय पाजायचं ते आता तू बाहीर बसून सांगणार?" देवळात खार पाटावर ठेवली. पळू नये म्हणून कमरेला नाडा बांधून तो पाटाच्या पायाला अडकवला. मग नवमीचा उरलेला सुंठवड्याचा डबा उघडला. सुंठ, साखर, खोबरे. येणारा प्रत्येक जण तिच्या तोंडापुढे एक चिमूट ठेवी. साखर आणि खोबरे म्हणून तिने ते खाल्ले. सुंठ नाकात गेली तेव्हा ती शिंकू लागली. खार शिंकते हे पाहायला पोरे गोळा झाली आणि आणखी चिमटी आल्या. पाणी कोणी दिले नाही. तीर्थ दिले. म्हणजे पळीभर पंचामृत, दूध-दही-तूप-मध-साखर, तेही तोंड उघडून. तहान वाढवण्यासाठी याहून जास्त काही करता आले असते असे मला वाटत नाही. दुपारनंतर तिला ढाळ लागले. पाट पुसला, आणि पुन्हा तीर्थ दिले.

बायको गोठ्याच्या मेढीला धरून उभी राही आणि देवळाकडे जाणाऱ्या प्रत्येक बाईला हाक मारी.

"नुसतं पाणी पाजा वो. वातीनं. नुसतं पाणी."

एकीने हसून उत्तर दिले, "तू आपला इटाळ सांभाळ माय, देवाला आमी सांभाळतो."

राखण्याने ऐकले. तो पळसाच्या द्रोणात पाणी घेऊन गेला. त्याला पायरीच्या वर जाता येत नव्हते. त्याने द्रोण पायरीवर ठेवून आत हाक दिली. आतून कोणीतरी 'व्हय' म्हणाले. थोड्या वेळाने एका शेळीने पाणी पिऊन द्रोण खाल्ला.

पाचव्या दिवशी दिवस कलला तेव्हा मी परत आलो. गाडी सोडतानाच बायकोचा आवाज आला. "माझ्याकडं येऊ नका. आधी देवळात जा."

खार पाटावर आडवी होती. डोक्यावर कुंकू, मिशांना मध. मी मानेचे कातडे चिमटीत धरले. ते उभे राहिले आणि उभेच राहिले. मी नाडा सोडला. चुलते मंडपात होते.

"कुठं नेतो?"

"पाणी पाजायला."

त्यांना मी दिलेले हे पहिले उलट उत्तर, आणि ते दीड दिवस उशिरा दिले. मी खार गोठ्यात नेऊन बायकोच्या मांडीवर ठेवली. तिने क्षणभरही विटाळाचा विचार केला नाही. पदरात घेतले, हाताने ऊब दिली, वात भिजवून ओठाला लावली. जीभ हलली नाही. थेंब ओठाच्या कडेने खाली आला. तिने पुसला आणि दुसरा लावला. तोही आला. असे ती बराच वेळ करत राहिली. खार मेल्यावरही तिने दोन थेंब लावले. मेली हे तिला माझ्याआधी कळले होते.

तोपर्यंत अंगणात दहाबारा लोक जमले होते. चुलत्यांनी निकाल दिला.

"काल दिसभर, आज दिसभर देवापुढं बसली. कायी झालं न्हाई. हिनं हात लावला आन् गेली."

"खरंय मालक," मागून आवाज आले. एका बाईने गालांवर चापट्या मारून घेतल्या. मी तिथे उभा होतो आणि ती खार कशाने मेली हे मला त्या सगळ्यांपेक्षा नीट माहीत होते. मी बोललो नाही. ते आज लिहितो आहे म्हणून त्या दिवशीचे गप्प बसणे फिटते, असे मी मानत नाही.

चुलत्यांचे पुढचे बोलणे कामाचे होते. देवळासमोर समाधी बांधायची. दगड आमराईतून आणायचा, शेंदूर हिंगोलीहून. मग त्यांनी एका गड्याला सांगितले, "जा, घेऊन ये ती."

गडी दोन पावले गेला आणि थांबला. खार बायकोच्या पदरात होती. तिला शिवल्याशिवाय खार घेता येत नव्हती.

"खाली ठेवाय सांग तिला," चुलते मला म्हणाले.

ती ऐकत होती. आमच्या घरात आल्यापासून ती चुलत सासऱ्यांशी एक शब्द बोलली नव्हती. ती उठून गोठ्याच्या दारात आली. पदर डोक्यावर होता, आवाज सरळ होता.

"न्हाई ठेवत. मामंजी, तुमीच या की. या, घ्या माझ्या हातातून."

कोणी हलले नाही. राखण्या खाली बघून खोकला, म्हणजे हसला. चुलत्यांनी दुसऱ्या गड्याकडे पाहिले, तो आडाकडे पाहू लागला. दहाबारा माणसे, त्यांतले चार चांगले धट्टेकट्टे, आणि मूठभर मेलेली खार एका बाईच्या हातातून घेता येईना.

"तुमी खुरपं द्या," ती मला म्हणाली.

मी घरातून खुरपे आणले. जमिनीवर ठेवून सरकवायचे होते. मी तिच्या हातात दिले. चुलतीने आतून मोठ्याने रामाचे नाव घेतले. गोठ्यामागे, उकिरड्याच्या पलीकडे तिने हातभर खोल खड्डा खणला. जमीन तडकलेली होती, वेळ लागला. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर तीन दगड ठेवले. तिच्या शेजारी बसून ते मी उचलून दिले. शेंदूर कोणी लावू नये म्हणून तिने ते मातीने लिंपले.

चुलत्यांनी निरोप पाठवला की अंघोळ केल्याशिवाय मी घरात पाऊल टाकायचे नाही. मी अंघोळ केली नाही, गोठ्यातच तिच्यापाशी बसलो. त्या रात्री मला जेवायला हाक आली नाही आणि तिचे ताट नेहमीसारखे जमिनीवरून सरकत आले. त्यातली अर्धी भाकरी मोडून तिने माझ्याकडे केली. मी घेतली.